उन्हावर खापर फोडू नका

मृगाच्या तोंडावरची गोष्ट. आमचा एक कार्यकर्ता तालुक्याच्या गावाहून दुपारी दोन वाजता मोटारसायकलवर निघाला. मागे बायको, टाकीवर आडवे टाकलेले खताचे पन्नास किलोचे पोते, हँडलला बियाण्याची पिशवी. गाव बावीस किलोमीटरवर. शेवटच्या टेकडीच्या चढाला गाडीची ओढ गेली. आधी टकटक असा आवाज, मग जळक्या तेलाचा वास. त्याने एक गिअर खाली टाकला आणि मूठ आणखी पिळली. चढाच्या मध्यावर इंजिनाने धरले, मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि नवरा-बायको रस्त्यावर पडले. नशीब म्हणायचे, खरचटण्यावर भागले. मग त्याने तेच केले जे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केले आहे. जवळची पाण्याची बाटली तापलेल्या इंजिनावर ओतली. चर्र असा आवाज झाला, वाफ निघाली.

मेकॅनिकने इंजिन खोलले तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते, सिलिंडर खरवडले होते आणि हेड वाकले होते. आतून तेल निघाले ते चहाच्या दोन कपांएवढे. बिल झाले साडेपाच हजार. म्हणजे कपाशीच्या बियाण्याची साधारण सहा पाकिटे. आणि खरे नुकसान बिलाचे नव्हतेच. हंगामाचे दिवस, मेकॅनिककडे गाड्यांची रांग, गाडी मिळाली आठव्या दिवशी. मधल्या काळात पाऊस पडून गेला, वाफसा आला, आणि आमचा माणूस मजूर आणायला दुसऱ्याची गाडी मागत फिरत राहिला. लावण चार दिवस मागे पडली. कोरडवाहू शेतीत लावणीचे चार दिवस म्हणजे काय, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको.

पारावर चर्चा झाली. सगळ्यांचे एकमत. "ऊनच तसे होते. पंचेचाळीस अंशांत लोखंड तरी काय करणार?"

आम्हाला हे मत मान्य नाही. का मान्य नाही, तेच सांगण्यासाठी हा लेख.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या अकोला, यवतमाळ, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हे खरे. पण उन्हाचा वाटा नेमका किती, याचा हिशेब कोणी मांडला आहे का? मांडून पाहू. चालत्या इंजिनाचे हेड समजा १५० अंशांवर आहे. हिवाळ्यात बाहेरची हवा २५ अंश, म्हणजे दोहोंत फरक १२५ अंशांचा. उन्हाळ्यात हवा ४५ अंश, फरक १०५ चा. गरम वस्तू हवेला किती उष्णता देईल ते या फरकावर ठरते. १२५ चे १०५ झाले, म्हणजे गाडीची थंड होण्याची ताकद उन्हामुळे घटली ती सहाव्या हिश्श्याने. दुसऱ्या शब्दांत, त्याच कामाला इंजिन हिवाळ्यापेक्षा साधारण वीस अंशांनी जास्त तापेल. धडधाकट गाडी एवढे सोसते. कारखान्यात गाडी तयार करणाऱ्याला या देशातला उन्हाळा ठाऊक असतो.

तेव्हा सहा आण्यांचा दोष उन्हाचा असेल, तर दहा आण्यांचा दुसऱ्याच कशाचा तरी आहे. नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपली गत होऊ नये.

रुपयातले चार आणे

गाडीत आपण रुपयाचे पेट्रोल टाकतो. त्यातले चाकाला मिळतात चार आणे, फार तर पाच आणे. उरलेल्यातले निम्म्याच्या आसपास सायलेन्सरमधून गरम धुरावाटे जातात. बाकीची उष्णता इंजिनाच्या अंगात उतरते आणि ती बाहेर टाकल्याशिवाय इंजिनाला गत्यंतर नसते. ज्योतीची उष्णता दोन हजार अंशांच्या वर असते आणि ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन असतो ते ६६० अंशांना वितळते. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याचे काम घडीभरही थांबून चालत नाही. पिस्टन तापून फुगला, तेलाचा थर तुटला, की पिस्टन सिलिंडरला धरतो. त्यालाच आपण इंजिन जाम झाले म्हणतो.

विहिरीवरचे डिझेल इंजिन ज्यांनी चालवले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्या इंजिनाला थंड करणारी पाण्याची नळी असते. नळीचे पाणी बंद झाले की चालवणारा धावत जाऊन इंजिन बंद करतो. मोटारसायकलचे पाणी म्हणजे वारा. सिलिंडरच्या बाहेरून ज्या पातळ पात्या काढलेल्या असतात, त्या शोभेसाठी नाहीत. वारा लागायला जास्त जागा मिळावी म्हणून त्या आहेत. झाडाला जशी पाने, तशा इंजिनाला या पात्या. वारा बंद झाला तर नळीचे पाणी बंद झाल्यासारखेच आहे. पण ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोणी धावत नाही.

जुन्या चेतक स्कूटरचे इंजिन पत्र्याच्या आत झाकलेले असे. त्याला वारा मिळणार नाही हे ओळखून कंपनीने आत पंखाच बसवला होता. मोटारसायकलला पंखा नाही. ती पळेल तेवढाच वारा तिला मिळतो. काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, माणसाच्या चालीने गाडी ओढली तर इंजिन पूर्ण जोर लावत असते आणि वारा मात्र नसतो. त्यात पात्यांच्या फटीत मागच्या पावसाळ्याची माती वाळून बसलेली असते. पुढे लेग गार्डला बांधलेला प्लास्टिकचा कागद, वरून टाकीवरच्या पोत्याची लोंबती टोके. माणसाला मे महिन्यात घोंगडी पांघरायला लावावे, असा हा प्रकार आहे.

ओझ्याचा हिशेब

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर चालवणाऱ्यासकट किती वजन टाकावे? साधारण १३० ते १५० किलो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आमच्या कार्यकर्त्याचा हिशेब करा. तो साठ किलो, बायको पंचावन्न, पोते पन्नास, वर पिशवी. झाले १६५ च्या पुढे. हे सपाट रस्त्यावर. चढ लागला की तेच ओझे कितीतरी जड होते.

कोणी म्हणेल, मग काय पोते डोक्यावर आणायचे? नाही. बाजार वीस किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा, टेम्पोचे भाडे पोत्यामागे मोजावे लागते. तेव्हा शेतकरी पोते गाडीवरच आणणार. आमचे म्हणणे एवढेच की ओझे वाढवायचे तर दुसरीकडून इंजिनाचा भार हलका करा. मागचा ब्रेक इतका आवळलेला असतो की चाक मोकळे फिरतच नाही. गाडी डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवून पाहा. चेन फार ताणलेली, टायरात हवा कमी, या प्रत्येक गोष्टीसाठी इंजिन जादा पेट्रोल जाळते आणि जादा तापते. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत ओढू नये. खालच्या गिअरमध्ये मूठ पिळून दूरवर पळवूही नये. आणि चढ मोठा असेल तर मागच्याने उतरून दोनशे पावले चालावे. बैलगाडीला चढावर हेच करत होतो ना?

हल्ली काही ठिकाणी मोटारसायकलला डवरा जोडून डवरणी करतात. बैल परवडत नाही तेव्हा माणूस डोके चालवणारच, त्याचे आम्हाला कौतुक आहे. गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेटचे मागचे चाक काढून तेथे औजारांचा सांगाडा बसवला. 'बुलेट सांती' नावाने ती गाजली. पण ती औतासाठी बदललेली गाडी होती. शंभर सीसीची घरची गाडी जशीच्या तशी डवऱ्याला जुंपायची तर ध्यानात ठेवा, की माणसाच्या चालीने वारा मिळत नाही. दोन-चार तासे झाली की गाडी वाऱ्याच्या तोंडी उभी करा. इंजिनाला हात लावून पाहू नका, हात भाजेल. ओढ कमी झाली, आवाज बदलला, की थांबायचे.

तेल म्हणजे रक्त

तेल फक्त घासणे कमी करते असा समज आहे. तेल पिस्टनखालची उष्णता उचलून इंजिनाच्या अंगाला पोचवते, हे तिचे तितकेच मोठे काम. या गाड्यांत तेल असते जेमतेम लिटरभर, काहींत त्याहूनही कमी. त्यातले पाव लिटर जळाले तर उरलेल्याला तेवढेच काम करायचे असते. ते जास्त तापते, जास्त पातळ होते, आणखी जळते. कर्जासारखे आहे. एकदा मागे पडला की व्याजच वर येऊ देत नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीकडे राजदूत, येझदी होत्या. त्यांत तेल पेट्रोलमध्ये मिसळून टाकत. त्यामुळे पेट्रोल भरताना तेलाची आठवण आपोआप होई. आताच्या फोर स्ट्रोक गाडीत तेल वेगळे असते आणि वरून दिसत नाही. म्हणून ते विसरले जाते. दर आठ-पंधरा दिवसांनी गाडी सपाट जागी सरळ उभी करून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, तेलाची काडी पाहा. दोन खुणांच्या मध्ये तेल हवे. खालच्या खुणेच्या खाली गेले की त्याच दिवशी भरा. वरच्या खुणेच्या वरही नको.

तेलाचा नंबर पुस्तिकेत लिहिलेलाच वापरा, मग तो २०डब्ल्यू-४० असो की १०डब्ल्यू-३०. "उन्हाळा आहे, घट्ट टाका" असे सांगणाऱ्यावर विसंबू नका. मोटारकारचे तेलही नको. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलाने तो घसरू शकतो. क्लच घसरला की इंजिन पळते, गाडी पळत नाही आणि दोन्ही तापतात. ड्रममधले सुटे तेल वीस रुपये स्वस्त मिळते म्हणून घेणे, हे बोगस बियाणे घेण्यासारखे आहे. फरक एवढाच की बोगस बियाणे पंधरा दिवसांत कळते, तेलाचे वर्षाने कळते.

ॲव्हरेज काढून द्या

पेट्रोल महागले की आपण मेकॅनिककडे जातो आणि म्हणतो, "ॲव्हरेज काढून द्या." मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो, पेट्रोल कमी आणि हवा जास्त करून देतो. ठराविक मर्यादेपलीकडे पेट्रोल तोडले की गाडीची ओढ जाते, आपण मूठ जास्त पिळतो आणि इंजिन तापते. प्लग काढून पाहा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढरे फटक असेल तर इंजिन तापते आहे. काळे काजळलेले असेल तर पेट्रोल जास्त होते आहे किंवा एअर फिल्टर धुळीने चोंदला आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर तडकले असेल तर तेथूनही फुकटची हवा शिरते. स्क्रू फिरवण्याआधी ते रबर पाहावे. टॅपेटही सेट करून घ्यावेत. ते फार आवळलेले राहिले तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले. ऊस, मका, तांदूळ यांना त्यातून गिऱ्हाईक मिळते, त्याला आमचा विरोध नाही. पण जुन्या गाडीच्या मालकाला त्याचा परिणाम कोणी समजावून सांगितला नाही. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगच्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण थोडे हवेच्या बाजूला झुकते. शिवाय लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, म्हणून ॲव्हरेज पडते. ॲव्हरेज पडले की शेतकरी मेकॅनिककडे जातो, मेकॅनिक पेट्रोल आणखी तोडतो, आणि चूक होते ती तेथे. एकट्या इथेनॉलने इंजिन जाम होत नाही. उलट ते ज्योत थोडी थंडच ठेवते. पण जुन्या गाडीला पेट्रोल तोडण्याची नव्हे, किंचित वाढवण्याची गरज आहे, हे मेकॅनिकला ठामपणे सांगा. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आहे, त्या आपले आपण जुळवून घेतात.

आणि एक. दर वेळी बंद पडलेली गाडी तापूनच बंद पडते असे नाही. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते, ते धुळीने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी बंद पडली तर झाकण एकदा उघडून बघा. सूं असा आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली, तर इंजिन खोलू पाहणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून घरी जा.

रस्त्यात तापली तर

ओढ कमी झाली, चढावर टकटक वाजू लागले, जळका वास आला, तर मूठ सोडा. आवाज किंवा वास नसेल, केवळ गर्दीत रेंगाळून गाडी तापली असेल, तर मोकळ्या रस्त्यावर हलक्या हाताने चालवा, वाऱ्याने ती निवते. टकटक किंवा वास असेल तर थांबाच. चालता चालता इंजिन धरते आहे असे वाटले तर त्याच क्षणी क्लच दाबा. क्लच दाबला की मागचे चाक मोकळे होते आणि माणूस पडत नाही. या एका वाक्यासाठी हा लेख घरातल्या पोराला वाचून दाखवा.

मग सावलीत, वाऱ्याच्या तोंडी गाडी उभी करा. अर्धा तास थांबा. पाणी ओतू नका. तापलेला धातू एका जागी एकदम आकसतो, हेड वाकते किंवा तडकते. पाणी माणसाने प्यावे, सावलीत माणसानेही बसावे. इंजिन निवल्यावर तेलाची काडी पाहा, मग किक हाताने हळू दाबून पाहा. हलत नसेल तर जोर करू नका, धक्का मारून सुरू करू नका. गाडी टेम्पोत घाला. टेम्पोचे भाडे नव्या पिस्टनपेक्षा स्वस्त पडते.

ज्वारीपासून शिकावे

आम्ही शेतीची पदवी घेतली, तिच्या पुस्तकात मोटारसायकलचा धडा नव्हता. पण ज्वारीचा होता. पाण्याचा ताण आणि ऊन वाढले की ज्वारी पान गुंडाळते, वाढ थांबवते, आणि पाऊस आला की पुन्हा उभी राहते. ती ऊन टाळू शकत नाही, म्हणून काम कमी करते. कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या गाडीला हेच शिकवायचे आहे. जड फेरी सकाळी दहाच्या आत, नाहीतर संध्याकाळी. दुपारी जावेच लागले तर ओझे निम्मे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती भरपाई असते. आज कित्येक घरांत बैल नाही, त्याच्या जागी गाडी आहे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, पण तेलाची काडी पाहत नाही. बैल दमला की बसतो, मग आपण थांबतो. गाडी दमली की टकटक करते आणि आपण मूठ पिळतो.

याचे कारण आमच्या मते एकच. गाडीला आपण शेतीचे औजार मानतच नाही. नांगराचा, फवारणी पंपाचा खर्च वहीत लिहितो. गाडीचा खर्च घरखर्चात ढकलतो. मजूर आणायला ती जाते, बियाणे-खत आणायला जाते, कापसाचा भाव विचारायला जाते, रात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेते. ज्याचा हिशेब नाही त्याची निगा नाही. आणि ज्याचा हिशेब नाही त्याची भरपाई मागणार तरी कोणाकडे? उत्पादन खर्चावर आपण तावातावाने बोलतो, पण शेतीसाठी गाडीने वर्षात किती फेऱ्या केल्या, हे विचारले तर सभेत शांतता पसरते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या चार सूचना आहेत.

एक. आखाजी आणि मृग यांच्या दरम्यान प्रत्येक गावात एक सकाळ गाड्यांसाठी ठेवावी. वर्गणी करून मेकॅनिक बोलवावा. तेल, पात्या, ब्रेक, प्लग, टॅपेट एवढे पाहून घ्यावे.

दोन. प्रत्येकाने वहीत गाडीचे एक पान उघडावे. शेतीच्या फेऱ्या, पेट्रोल, तेल, दुरुस्ती. पुढच्या बैठकीला ते पान घेऊन यावे.

तीन. गाडी विकणाऱ्या दुकानदाराकडे मराठी पुस्तिका मागावी आणि त्यातला वजनाचा आकडा दाखवायला सांगावे. पैसे मोजताना मागितले तर मिळते.

चार. एप्रिल-मे मधल्या आपल्या बैठका सकाळी आठला सुरू व्हाव्यात आणि लोक दहाच्या आत परत निघावेत. भर दुपारी सभा ठेवायची आणि उन्हाला दोष द्यायचा, हे आम्हा संघटकांनाही शोभत नाही.

आमच्या कार्यकर्त्याने गाडी दुरुस्त केली. आता दर सोमवारी बाजाराला निघण्याआधी तो काडी पाहतो. बैल गेला आणि झोपा केला, असे लोक त्याला चिडवतात. तो हसून म्हणतो, माझा गेला, तुमचा अजून दावणीला आहे.